चार भाग, एकवीस नारळ

लातुरातल्या एका सहकारी बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसणारे साहेबराव सोनकांबळे व्हायोला वाजवतात, ही गोष्ट बँकेत अजून कुणाला नीट पचलेली नाही.

रोखपालानं एकदा विचारलं, "फौजीमामा, तुम्ही म्हणं व्हायोलिन वाजवता?"

"व्हायोला."

"तेच की."

"तेच न्हाई. अंगानं जरा मोठा, आवाजानं जरा जाड."

"मग लोक व्हायोलिनच का ऐकतेत?"

साहेबरावांनी बंदूक एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. "व्हायोलिन वर गातं, म्हणून दिसतं. व्हायोला मधी ऱ्हातो. गोधडीतला मधला थर कुणी बगितलाय का? पण तो काढा अन् पांघरून दावा."

रोखपाल म्हणाला, "वा, वा," आणि पासबुकं छापायला निघून गेला.

साहेबराव लोहा तालुक्यातले. अठराव्या वर्षी भरतीत धावले, पास झाले आणि छाती भरून फुंकर मारता येते म्हणून लष्करी बँडमध्ये गेले. तिथला नियम असा, की प्रत्येकानं एक फुंकायचं वाद्य शिकायचं आणि एक तारांचं. बँडमास्तरांनी त्यांच्या बोटांची लांबी बघितली आणि व्हायोला हातात दिला, कारण तो घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी तो वाजवला. कुठे? तर साहेब लोकांच्या मेजवानीत, कुंड्यांच्या मागे बसून. सूप आलं की पहिला भाग सुरू. कोंबडी आली की दुसरा. मग कुणीतरी चमच्यानं ग्लास वाजवायचा, भाषणाला उभा राहायचा, आणि बँडमास्तर हाताची मूठ मिटायचे. बंद!

आणि हेच सगळं दुखणं होतं. कारण ते जे वाजवत, तो हायडनचा एक स्ट्रिंग क्वार्टेट होता: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक भला मोठा, खालच्या सुरांचा चेलो आणि चार भाग. पहिला भाग गप्पांना बसल्यासारखा. दुसरा नाचाचा, पण जाड बुटांचा नाच. तिसरा संथ. चौथा पळणारा आणि खोडकर. त्या संथ तिसऱ्याची सुरुवात व्हायोला आणि चेलोच करतात. दोन्ही व्हायोलिन गप्प बसतात आणि ऐकतात. जन्मभर मधल्या थरात राहिलेल्या व्हायोल्याला तिथं बोलायला मिळतं. पण लोकांसमोर साहेबराव त्या तिसऱ्या भागापर्यंत कधी पोचलेच नाहीत. चमचा नेहमी आधी वाजायचा.

"अडीचशे वर्षांमागचा मानूस," साहेबराव हायडनबद्दल सांगतात. "सरदाराच्या पदरी चाकरीला. त्यालाबी युनिफॉर्म होता." हे सांगताना ते बँकेच्या खाकी शर्टाचं वरचं बटण लावून घेतात.

घरी त्यांची बायको कोंडाबाई वीस वर्षं तो एकटा व्हायोला ऐकत आली. एकट्या व्हायोल्याला गाणं म्हणून काही नसतं. दोन सूर, थोडी जागा, परत तेच दोन सूर.

"ओ, कवा लागणार तुमचं गाणं?"

"हे गाणंच हाय."

"हे? हे तर कुणी फोनवर बोलाय लागल्यावानी वाटतंय. हूं... हूं... हाव... हूं. पलीकडचा काय बोलतोय ते ऐकू येत न्हाई!"

याहून अचूक टीका कुठल्या वर्तमानपत्रात आली नसती. पलीकडचे तिघं हवे होते.

पहिली सापडली ती बँकेच्या दारातच. 'नीट' परीक्षेच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम हातात लांबट काळी पेटी घेऊन आल्या आणि साहेबरावांनी नियमाप्रमाणे अडवलं.

"म्याडम, डब्यात काय हाय? उघडा."

"व्हायोलिन आहे, काका."

"उघडा."

उघडल्यावर साहेबरावांनी बंदूक भिंतीला टेकवली, जे नियमात बसत नाही, आणि एक तार अंगठ्यानं छेडली. "तुमचा 'ए'चा सूर उतरलाय म्याडम. उन्हात गाडीवर ठिवली व्हय?"

मॅडमचं लहानपण वडिलांच्या बदलीत हैदराबादला गेलेलं, शिक्षण तिथलं. लातुरात त्यांना उतरलेला 'ए' ओळखणारा माणूस पहिल्यांदा भेटला, आणि तो बंदूकवाला निघाला.

दुसरे गुरुपादप्पा, निलंग्याकडचे निवृत्त संगीत शिक्षक, भजनाच्या साथीला व्हायोलिन वाजवणारे. तिसरा व्यंकटी, देगलूरचा, नांदेडला रेल्वेत कारकून. सिकंदराबादला नोकरीत असताना खोलीशेजारच्या चर्चमध्ये तो चेलो शिकला होता. दर दुसऱ्या रविवारी तो माणसाच्या उंचीचा डबा घेऊन एसटीनं लातूरला यायचा. कंडक्टर टोपी काढून विचारायचा, "घरचंच कुणी होतं का?"

सराव व्हायचा वर्षाराणीच्या क्लासमध्ये, रविवारी दुपारी. फळ्यावर लोलकाचं गणित, त्यासमोर चार खुर्च्या. पहिल्याच दिवशी खटका उडाला.

"मी सदुसष्ट वर्षांचा," गुरुपादप्पा म्हणाले. "ही पोरगी चौतीसची. अन् ती पहिली, मी दुसरा?"

"आप्पा, दुसरा म्हंजे खालचा न्हाई," साहेबराव म्हणाले.

"मग कार्डावर माझं नाव आधी छापा."

"आप्पा, तुम्ही पहिलं घ्या ना," वर्षाराणीनं आपला स्वरलिपीचा कागद पुढं केला. "मी दुसरं वाजवते."

आप्पांनी चष्मा वर केला. पाच रेघांच्याही वर काळे ठिपके रांगेनं चढत गेले होते. "ह्या मुंग्या एवढ्या वर कशाला गेल्यात? यप्पा! ऱ्हाऊ दे. माझा मान तुम्ही मनात ठिवा."

"याच्यात मुख्य कोण हाय, ते तरी सांगा," ते थोड्या वेळानं म्हणाले.

"कुणीच न्हाई," साहेबराव म्हणाले. "चार जण बोलायलेत. एक बोलला की दुसरा हूं म्हणतो. तिसरा तेच वाक्य जरा तिरपं करून परत सांगतो. चौथा खालून म्हणतो, खरं हाय. मग चौथ्यालाबी बोलू देतेत. माईक धरून कुणी बसत न्हाई."

"अन् प्रमुख पाहुणा?"

"न्हाई."

"अध्यक्ष?"

"न्हाई, आप्पा."

"मग हे आपल्याकडं चालणार न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले आणि सूर लावू लागले.

साहेबरावांच्या वडिलांना गावच्या पारावर बसायची मुभा नव्हती. पारावरच्यांचं बोलणं त्यांनी रस्त्यात उभं राहून ऐकलं. म्हणून असेल, पण चौघं सारख्या उंचीच्या खुर्च्यांवर बसून बोलतात, ही गोष्ट साहेबरावांना सुरांच्याही आधी आवडली होती.

आप्पांचं भाकीत नांदेडला खरं ठरलं. तिथल्या एका हौशी मंडळानं कार्यक्रम ठेवला. सूत्रसंचालनाला सुदर्शन. नांदेड-लातूर पट्ट्यात लग्न असो, वास्तुशांत असो, शोकसभा असो, आवाज सुदर्शनचाच. फक्त जाकीट बदलतं. पडद्यामागे तो वही घेऊन आला.

"हायडनसाहेब स्वतः येणारेत का?"

"वारले ते," साहेबराव म्हणाले.

"अरेरेरे. कधी?"

"अठराशे नऊ."

सुदर्शननं मान हलवली, लिहून घेतलं आणि माईकवर गेला. "रसिकहो, सांगताना कंठ दाटून येतो, की आदरणीय हायडनसाहेब आज आपल्यात नाहीत..." सगळं सभागृह उभं राहिलं. दोन मिनिटं मौन. तिसऱ्या रांगेत एकानं हळूच विचारलं, "कुठले होते ओ?" शेजारचा म्हणाला, "रेल्वेत होते वाटतं. लई चांगला मानूस."

मग पहिला भाग वाजला. चौघांनी तारांवरून गज खाली घेतले, श्वास घेतला, वर्षाराणीनं पान उलटलं, आणि तेवढ्यात सुदर्शन टाळ्या वाजवत आत आला. "वाऽऽ! या सुरेल कार्यक्रमानंतर आपण वळू या सत्काराकडे!" व्यंकटी म्हणाला, "आहे अजून, आहे अजून," पण त्याच्या हातात नारळ आला आणि नारळ घेतलेल्या हातानं चेलो धरता येत नाही. सत्कारानंतर पाहुणे 'संगीत आणि सिंचन' या विषयावर पंचावन्न मिनिटं बोलले. सभागृहाची वेळ संपली. चारपैकी एक भाग झाला.

"सुपावरच उठलो," साहेबराव घरी येऊन म्हणाले. कोंडाबाईनं भाकरी वाढली.

आणि पुढच्याच महिन्यात व्यंकटीच्या बदलीचा कागद आला. थेट आंध्रातलं गुंतकल. एवढा चेलो घेऊन तिथून दर दुसऱ्या रविवारी कुणी येत नाही, आणि नांदेड ते लातूर दुसरा चेलो नव्हता. हातात राहिला एकच कार्यक्रम: डाळ मिलवाले हणमंतराव दरवर्षी वडिलांच्या, म्हणजे कै. अमृतरावांच्या, स्मरणार्थ भरवतात तो महोत्सव.

साहेबराव आणि वर्षाराणी मिलच्या ऑफिसात गेले. टेबलावर, कॅलेंडरवर, हणमंतरावांच्या भुवयांवर तुरीची पिवळी धूळ होती. बाजूला सुदर्शन वही उघडून बसलेला.

"जयभीम अण्णा."

"जयभीम, या फौजी. सुदर्शन म्हणाला नांदेडला लई गाजला म्हणं तुमचा कार्यक्रम. किती वेळाचं हाय?"

"वीस मिनिटं. चार भाग."

"वीस मिनिटांचे चार तुकडे कशाला? सलग वाजवा की."

"मधी थांबावं लागतंय, अण्णा. एक-एक मिनिट."

हणमंतरावांचा चेहरा उजळला. "म्हंजे मधी तीन जागा हायत! सुदर्शन, लिही. पहिल्या जागंत डाक्टर लोक, सात. दुसऱ्या जागंत गुणवंतांचे आई-बाप, सात. तिसऱ्या जागंत आपले व्यापारी, तेबी सात. एकवीस. काय बेष्ट बसलं बघ! अशी सोय ऑर्केस्ट्रावाल्याकडं नसती."

"अण्णा, ती जागा रिकामी न्हाई," साहेबराव म्हणाले.

"कोण बसलंय तिथं?"

"कुणी न्हाई. ती गाण्याचीच हाय."

"गाणं बंद असताना?"

"हाव."

हणमंतरावांनी सुदर्शनकडं बघितलं. सुदर्शननं वर्षाराणीकडं बघितलं, शिकलेली दिसते म्हणून.

"काका बरोबर सांगतात," ती म्हणाली. "मागचं विरून जायला आणि पुढचं ऐकायला कान मोकळा व्हायला लागतो."

"म्याडम, आमच्याकडं कान मोकळा झाला की मानूस चपला शोधतंय."

साहेबराव खुर्चीत ताठ बसले. पहाऱ्यावरचा माणूस बसतो तसे. मग म्हणाले, "अण्णा, सत्कार समदे आधी घ्या. एकवीसच्या एकवीस. ते झाले की आम्ही वाजवतो. मधी कुणी यायचं न्हाई."

हणमंतराव खुर्चीतून पुढं झुकले. आता ते धंद्यातलं सांगणार होते. "फौजी, तुम्ही भोळे. सत्कार म्हंजे खुंटा हाय, खुंटा. ज्याचा व्हायचाय, तो सुटत न्हाई. त्याची बायको सुटत न्हाई, फोटो काढणारा मेव्हणा सुटत न्हाई. एका नारळाला दहा मानसं बांधलेली असतेत. नारळ आधी दिला की दावं सुटलं. मग वाजवा खुर्च्यांपुढं! अन् मागं मसालेभाताचं पातेलं उघडलेलं असणार, ते वेगळंच."

"चालंल."

"काय चालंल?"

"खुर्च्या."

बाहेर आल्यावर वर्षाराणी स्कूटीपाशी थांबली. "काका, माझे साठ विद्यार्थी येणार होते. त्यांचे आई-बाप सत्कारात आहेत. आई-बाप उठले की पोरं उठणार. मागच्या वेळी एक भाग तरी चारशे लोकांनी ऐकला."

"म्याडम, चारशे लोकांनी एक भाग ऐकला न्हाई. चारशे लोकांनी सत्काराची वाट बगितली." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "चाळीस वर्षं झाली हे वाद्य धरून. मला एकदा शेवटापतोर जायचंय. कुणी का असंना समोर. पर तुम्ही न्हाई म्हणालात, तर मी अण्णाला फोन करतो."

तिनं किक मारली. "रविवारी दोनला सराव आहे. 'ए' मी लावून आणते."

अडचण फक्त गुरुपादप्पांची झाली, कारण ऐनवेळी गळलेल्या एका व्यापाऱ्याच्या जागी एकवीसपैकी सतरावा सत्कार त्यांचाच होता. "मग मीबी नारळ घेऊन घरी जाऊ का?" असं त्यांनी विचारलं. व्यंकटी म्हणाला, "आप्पा, तुम्ही उठलात तर मी तुम्हाला गुंतकलला घेऊन जाईन." आप्पा राहिले.

महोत्सवाचा रविवार. पत्रिकेवर दहाची वेळ, म्हणून पावणेबाराला सुरुवात. स्टेजवर कै. अमृतरावांचा हार घातलेला फोटो, पुढं समई, मागं हणमंतरावांचा फ्लेक्स आणि त्यावर 'चतुरंग व्हायोलिन पार्टी' असं छापलेलं. चारही खुर्च्या सारख्या उंचीच्या मिळाल्या, तेवढं साहेबरावांनी स्वतः हात लावून बघितलं.

एकवीस सत्कार झाले. शाल, श्रीफळ, फोटो. शाल, श्रीफळ, फोटो. सत्तावीस मिनिटं उशिरा आलेल्या एका डॉक्टरांसाठी पहिला सत्कार पुन्हा करण्यात आला. गुरुपादप्पांना शाल घातली तेव्हा ते व्हायोलिन काखेत धरूनच उभे राहिले, म्हणून फोटोत ते व्हायोलिनवाले एकटेच आले आणि त्यांना ते फार आवडलं.

एकविसावा नारळ दिला गेला. सुदर्शन म्हणाला, "आता सादर होतोय... आणि जेवणाची व्यवस्था मागील बाजूस..." हे दोन्ही त्यानं एकाच दमात म्हटलं. पुढचं कुणी ऐकलं नाही. खुर्च्या सरकल्या, पोरं पळाली, शाली मागच्या दाराशी कोंडल्या. पाच मिनिटांत चारशेचं सभागृह अकरावर आलं. कोंडाबाई दुसऱ्या रांगेत. साउंडवाला. झाडूवाल्या साखराबाई, पाय दुखतात म्हणून टेकलेल्या. सहा पोरी वर्षाराणीच्या, रांग लांब आहे म्हणून परत आलेल्या. सुदर्शन. आणि पुढच्या सोफ्यावर एकटे हणमंतराव, कारण वडिलांच्या फोटोसमोरून आधी उठणं बरं दिसलं नसतं.

पहिला भाग सुरू झाला. वर्षाराणीनं एक साधं वाक्य टाकलं, बाकीच्यांनी त्याला हुंकार दिला. मग तेच वाक्य फिरू लागलं. आप्पांकडून व्हायोल्याकडं, तिथून खाली चेलोत. दाराकडून वाढप्यांचा आवाज येत होता, "भात फिरवा, भात!" चौघं बोलत राहिले.

पहिला भाग संपला. गज खाली आले. सुदर्शन सवयीनं उठला, माईक ओठांशी नेला.

"बस खाली," हणमंतराव म्हणाले. "जागा त्यांची हाय."

दुसरा भाग नाचाचा. साखराबाईंचा दुखरा पाय थोडा हलला. मग पुन्हा ती शांतता, पानांची सळसळ, आणि वर्षाराणी व आप्पा दोघांनी व्हायोलिन मांडीवर ठेवली.

साउंडवाल्याला वाटलं, दोघांचं काही बिघडलं. तो उठायला लागला. पण साहेबरावांनी हनुवटी टेकवली होती. त्यांनी व्यंकटीकडं बघितलं, व्यंकटीनं मान खाली घेतली, आणि ते दोघं बोलू लागले. हळू. घाई नसलेली माणसं संध्याकाळी ओट्यावर बोलतात तसं. वर गाणारं कुणी नव्हतं. जाड आवाजाचा तो मधला थर पहिल्यांदा अंगावर ओढून घेतल्यासारखा सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून पसरला. कोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. ही चाल तिला पाठ होती. भांडी घासताना, ज्वारी निवडताना, वीस वर्षं ऐकलेली. थोड्या वेळानं वर्षाराणीनं आणि आप्पांनी तीच चाल उचलून वर नेली, तेव्हा ती शेजारच्या पोरीला म्हणाली, "आत्ता ऐकू यायलंय बघ, पलीकडचं."

चौथा भाग पळत सुटला. छोटंसं, उड्या मारणारं गाणं. जायचं, वळसा घालून परत यायचं. व्यंकटीच्या कपाळावरून घाम चेलोवर पडत होता आणि तो हसत होता. आणि मग एकदम थांबलं.

हणमंतरावांनी टाळी वाजवली. एकटीच टाळी, पिस्तुलासारखी.

चौघांनी त्याच गाण्याचा एक तुकडा वाजवला आणि पुन्हा थांबले.

हणमंतरावांनी पुन्हा टाळी वाजवली.

पुढचा तुकडा. थांबले. पोरींपैकी एक खुदकन हसली. हणमंतराव तिच्याकडं वळून बघत होते तोवर पुढचा तुकडा आला, ते घाईनं वळले, आणि गाणं थांबलं. पुन्हा टाळी. आता साउंडवालाही हसला. अडीचशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या दिवाणखान्यात टाळीची घाई असलेले लोक असणार आणि चाकरीतल्या त्या माणसानं त्यांच्यासाठी हे लिहून ठेवलं असणार. ते लातुरात एवढं चपखल लागू पडेल, याचा हिशोब त्याच्याकडं नव्हता.

मग लांबलचक शांतता. कुणी हललं नाही. सुदर्शननं माईक खाली ठेवला. मागच्या दारात दोन शालवाले पत्रावळी हातात घेऊन उभे राहिले होते. आतला आवाज का थांबला म्हणून बघायला आलेले. त्यांनीही घास तोंडाशी धरून ठेवला.

अगदी हळू, गाण्याचा पहिलाच तुकडा परत आला. नुसती सुरुवात. कुणी दारात येऊन बोलायला तोंड उघडावं, तशी. आणि पुढं काही नाही.

हणमंतरावांचे दोन्ही हात छातीपाशी वीतभर अंतरावर थांबलेले. चारही गज तारांच्या वर, हवेत. हणमंतराव कुणाकडं बघावं हे ठरवत होते. फोटोकडं बघितलं, सुदर्शनकडं बघितलं. शेवटी साहेबरावांच्या खुर्चीकडं बघितलं.

"फौजी," ते कुजबुजले. "झालं का?"

ती जागाही गाण्याचीच होती. साहेबरावांनी ती पुरती संपू दिली, मग गज गुडघ्यावर टेकवला.

"हाव अण्णा," ते म्हणाले. "समदं झालं."